दुपारी तीनची खाच

भूकंप झाला म्हणून पेढे खाल्लेली माणसं जगात फार नसतील. त्यांतली एक मी आहे. दोन खाल्ले. तिसरा रुमालात गुंडाळून सासूबाईंसाठी घरी आणला.

आज मी आजी आहे, भोपाळच्या कोलार रोडवरच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहते. गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. पण वीसेक वर्षांपूर्वी मी चाळिशी ओलांडलेली, दोन वेण्या सोडून नुकता अंबाडा घालायला लागलेली, खांद्याला शबनम आणि नजर आभाळाला लावून चालणारी बाई होते. नागपूरची एम.एस्सी., नवरा गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात इंजिनिअर, मुलगा कॉलेजात गेलेला. आणि मी भोपाळमध्ये भौतिकशास्त्राच्या एका विभागात पीएच.डी. करत होते. करत होते म्हणजे काय, दुसरं काही करतच नव्हते. नावाआधी 'डॉक्टर' लागलं की एका कॉलेजात शिकवायची जागा मिळणार होती. वयाची अट जवळ येत चालली होती, त्यामुळे मला डॉक्टर होण्याची जी घाई होती ती एखाद्या दिवस भरलेल्या बाईलाही नसेल.

विषय आभाळाचा होता. विमानं उडतात त्याच्याही कितीतरी वर, उन्हाच्या माऱ्यानं हवेतून विजेचे कण मोकळे होतात. त्या थराला आयनांबर म्हणतात. उपग्रहांचे संदेश त्यातून खाली येताना रेंगाळतात. किती रेंगाळले ते मोजलं की वर किती कण आहेत ते कळतं. त्यासाठी विभागाच्या गच्चीवर, विटांच्या एका बुटक्या खांबावर, उपड्या पातेल्यासारखा दिसणारा एक अँटेना बसवलेला होता. दिवस वर येतो तसे कण वाढतात, दुपारी टोकाला जातात, संध्याकाळी ओसरतात. रोजचा आलेख म्हणजे एक गुळगुळीत टेकडी.

जगात काही शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की मोठा भूकंप होण्याआधी काही दिवस जमिनीखालच्या खडकांवर ताण येतो, त्यातून काहीतरी वरपर्यंत पोचतं आणि त्या टेकडीत खळगा किंवा उंचवटा दिसतो. इतरांचं म्हणणं, असं काही सिद्ध झालेलं नाही. भांडण अजून मिटलेलं नाही. मी पुरावा बघायच्या आधीच पहिल्या पक्षात जाऊन बसले होते. त्याला कारण होतं. वायुगळतीच्या त्या रात्रीपासून या शहरात 'आधी कळलं असतं तर' हे शब्द कुणी सहज उच्चारत नाही. मला वाटायचं, आधी कळवणारी बाई मी होईन. वर्तमानपत्रात फोटो कुठल्या साडीत काढायचा हेही ठरलेलं होतं. मोरपंखी.

आमचे मार्गदर्शक मूळचे पुण्याचे. आवाज मधाळ, अक्षर सुरेख, आणि काम सांगण्याची पद्धत अशी की माणसाला वाटावं आपला सत्कारच चाललाय. विभागात रिवाज होता, अजूनही असेल, की सरांच्या घरची कामं विद्यार्थ्यांनी वाटून घ्यायची. एक जण त्यांची स्कूटर सर्व्हिसिंगला न्यायचा. एक जण सिलिंडरच्या रांगेत उभा राहायचा. मी एकटी बाई आणि मराठी, म्हणून माझ्या वाट्याला उन्हाळ्याचं वाळवण आलं.

"तुम्ही तुमच्या कुरडया करणारच ना?" वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, एकदा म्हणाल्या. "मग आमचे चार किलो गहू त्यातच टाका. माझा खांदा धरलाय हो. आणि यांना नागपुरी कुरडईच लागते."

यांना नागपुरी कुरडई लागते हे ऐकून मला धन्य वाटलं. आपल्या प्रबंधावर सही करणारा माणूस आपली कुरडई खाणार!

अडचण एवढीच होती की आमच्या क्वार्टरच्या अंगणात वाळत घातलं की कारखान्यांची काजळी बसायची. कुरडई पांढरी ठेवायची तर मोकळी, उंच, स्वच्छ जागा हवी. ती विभागाच्या गच्चीइतकी चांगली कुठे असणार? मी आमच्या ह्यांच्याकडून नवे कोरे, चकचकीत पत्रे मागून घेतले. गच्चीच्या पूर्वेच्या कठड्याला ते उतरते टेकवले, म्हणजे ऊन तिरपं होत जाईल तसं पूर्ण अंगावर येईल. वर धुतलेलं धोतर, आणि त्यावर कुरडया. अँटेना शेजारीच होता. त्याच्या खांबाला मी दोरी बांधली, कावळ्यांना भिववायला काळं फडकं लावायला. अभ्यासाच्या यंत्राला हळदीकुंकू तेवढं लावायचं ठेवलं.

"भाभीजी, ये ऊपर कौन-सा प्रयोग चल रहा है?" आमच्यातल्या सिलिंडरवाल्या विद्यार्थ्यानं विचारलं.

"सौर ऊर्जा का," मी ऐटीत म्हणाले. स्वतःच्या विनोदावर मीच हसले. किती हुशार होते मी!

चार-पाच दिवसांत कुरडया खणखणीत वाळल्या. मी डबे भरले, पत्रे उतरवले, वहिनींकडे त्यांचा वाटा पोचवला. आणि दुसऱ्याच दिवशी उत्तरेकडच्या डोंगरांत मोठा भूकंप झाला.

भोपाळमध्ये पंखासुद्धा हलला नाही. टीव्हीवर मात्र पडलेली घरं दिसत होती, ब्लँकेट पांघरून रस्त्यावर बसलेल्या बायका दिसत होत्या. मी विभागात पोचले तेव्हा सर आधीच संगणकासमोर होते.

"बाई, मागच्या आठवड्याच्या नोंदी काढा. लगेच."

असंच असतं या कामात. भूकंप आधी होतो आणि भाकीत नंतर सापडतं. मी नोंदी काढल्या. आणि खरोखर, भूकंपाच्या आधीच्या चार-पाच दिवसांत, दुपारी तीनच्या सुमाराला, टेकडीच्या माथ्यावर स्पष्ट खाच होती. त्याआधीच्या दिवसांत नव्हती. सूर्यावर वादळ झालं की आयनांबर ढवळून निघतं, म्हणून आम्ही ते तपासलं. सूर्य शांत होता. पृथ्वीचं चुंबकत्व शांत होतं.

"वरून काही नाही," सर हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मग हे खालूनच आलं."

माझेही भरून आले. दोघं शहाणी माणसं एका खाचेकडे बघत रडत होतो. मग पेढे आले. विभागातली सगळी मुलं जमली, कुणीतरी 'थ्री चीअर्स' केलं. बाजूच्या खोलीत टीव्ही चालूच होता. त्यात एक म्हातारा ढिगाऱ्यातून एकच चप्पल काढून उलटीपालटी करत होता. मी त्याच्याकडे पाहत दुसरा पेढा उचलला. त्या वेळी तो मला गोड लागला. हे मी लिहून ठेवते आहे, कारण कुणी विचारलं की विज्ञानात माणूस कसा फसतो, तर तो मोजण्यात फसत नाही. आनंद कशाचा व्हायला हवा तिथे फसतो.

शोधनिबंध झटपट तयार झाला. त्यावर पहिलं नाव सरांचं, दुसरं विभागप्रमुखांचं, ज्यांनी तो वाचलाही नव्हता. सगळं काम माझं, म्हणून तिसरं माझं. हिंदी वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, भोपाळच्या गच्चीवरून धरतीची नाडी सापडली वगैरे. मोरपंखी साडी नेसले होते. फोटो काळापांढरा छापला.

आमच्या महाराष्ट्र मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. मी भाषणात 'मानवजात' हा शब्द इतक्यांदा वापरला की आमचे हे पुढच्या रांगेत बसून बोटांवर मोजत होते. शेवटी संयोजक म्हणाले, प्रश्न विचारा. एक निवृत्त गृहस्थ उठले, काठीवर रेलून.

"ताई, चार दिवस आधी दिसलं म्हणता. मग सांगितलं का नाही त्यांना?"

"नाही म्हणजे, आम्ही नंतर पाहिलं ना."

"नंतर पाहिलं तर मग आधी दिसलं कसं?"

सभागृहात कुणीतरी हसलं. मी शास्त्रीय शब्दांचं एक मोठं गाठोडं त्यांच्या अंगावर फेकलं आणि ते बिचारे खाली बसले. टाळ्या पडल्या. घरी येताना स्कूटरवर मी ह्यांना म्हणाले, "काय बाई लोकांचे प्रश्न! अडाणी."

ह्यांनी गिअर बदलला. नारळ मांडीत धरून मी बसले होते, तो सिग्नलला पडला.

आता प्रबंधच लिहायचा राहिला होता. सर म्हणाले, ते सगळे दिवस एकाच चित्रात, एकाखाली एक दाखवा, छान दिसेल. मी कागद छापले आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिले. तेव्हा लक्षात आलं की खाच रोज अगदी त्याच वेळी येत नव्हती. प्रत्येक दिवशी जराशी अलीकडे सरकत होती.

शहाण्या माणसानं इथे थांबून विचार केला असता. मी काय केलं? मला परमानंद झाला. भूकंप जवळ येतो तसतशी खाच लवकर येते! संकट पावलं टाकत येतंय आणि मी त्याची पावलं मोजतेय! मी त्यावर आठवडाभर लिहीत बसले. एक सूत्रही बनवलं, ज्यातून भूकंपाचा नेमका दिवस काढता येणार होता. सूत्राला मनातल्या मनात स्वतःचं आडनाव देऊन पाहिलं. कानाला बरं लागलं.

मग ते सूत्र पुरं करायला खाच रोज किती सरकते ते नीट मोजलं. चार मिनिटं. रोज, बरोबर, जवळजवळ चारच मिनिटं.

शेजारच्या खोलीतून सासूबाई खोकल्या तरी त्या कुठल्या मूडमध्ये आहेत ते कळतं ना, तसा तो आकडा मी ओळखला. आमच्या कामात तो पहिल्या आठवड्यात शिकवतात. उन्हाचा दिवस चोवीस तासांचा, पण ताऱ्यांचा दिवस त्याहून चार मिनिटांनी आखूड. उपग्रह ताऱ्यांच्या घड्याळानं फिरतात, म्हणून रोज चार मिनिटं आधी त्याच जागी येतात. आयनांबर चालतं उन्हाच्या घड्याळानं. म्हणजे जी गोष्ट रोज चार मिनिटांनी अलीकडे येते, ती ना आयनांबरातली, ना जमिनीखालची. ती अँटेनाच्या आसपासची. उपग्रह एका ठरावीक जागी आला की त्याचा संदेश जवळच्या कशावर तरी आपटून, उसळी खाऊन अँटेनात शिरतो आणि मोजमाप बिघडतं.

मी तो उपग्रह शोधला. त्या वेळी तो पश्चिमेला खाली होता. गच्चीवर गेले. अँटेनाच्या जागी मान नेऊन बरोबर उलट, पूर्वेकडे पाहिलं, कारण संदेश तिकडूनच उसळून परत येणार. समोर कठडा, आणि कठड्याला लागून विटा. मीच लावलेल्या. पत्रे टेकवायला.

बराच वेळ मी त्या विटांवरच बसून होते. हसू येत होतं आणि छापून आलेला निबंधही आठवत होता. तरीसुद्धा सांगते, मला वाटलं होतं की हे ऐकून सर खूश होतील. चूक सापडली की शास्त्रज्ञ खूश होतो असं मी कुठेतरी वाचलेलं होतं.

पण आधी खात्री हवी. घरी येऊन ह्यांना म्हणाले, "ते पत्रे कुठे आहेत?"

"सायकलवर छप्पर केलंय त्यांचं. का? आता कसल्या कुरडया? जेठ लागलाय."

"कुरडया नकोत. नुसते पत्रे."

"लोक म्हणतील, ह्यांची बायको संशोधन करते की भंगार गोळा करते." पण सकाळी पत्रे स्कूटरला आडवे बांधून तेच घेऊन आले. करोंदच्या मंडईतून गोणी आणाव्यात तसे. वर चढवून घाम पुसत म्हणाले, "आता?"

"आता बघायचं. मधे दोन महिने गेलेत. रोजची चार मिनिटं धरली तर तो उपग्रह आता त्याच जागी तीनला नाही, सकाळी अकराच्या सुमाराला येईल. खाच पत्र्याची असेल तर अकराला पडायला हवी."

"आणि भूकंपाची असेल तर?"

"तर पडायलाच नको. कुठे भूकंप नाही."

अकराला खाच पडली. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं आधी पडली. पत्रे काढले, गेली. पुन्हा लावले, आली. आयुष्यात मी वर्तवलेलं हे एकच भाकीत खरं ठरलं. त्याला पेढे कुणी आणले नाहीत. आमच्या ह्यांनी खालच्या टपरीवर पोहे-जिलबी खाऊ घातली, तेवढीच काय ती.

सरांकडे गेले तेव्हा ते एका मोठ्या परिषदेतल्या भाषणाची तयारी करत होते. प्रबंधात नव्यानं घातलेलं पत्र्याचं प्रकरण आणि आलेख मी टेबलावर मांडले, सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मधेच चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कुणाला बोललात?"

"नाही. म्हणजे, आमच्या ह्यांना."

"छान. तिथेच राहू द्या."

"पण सर, ते छापलंय आपण. शुद्धिपत्र द्यायला हवं ना?"

"काय लिहू शुद्धिपत्रात?" आवाज मधाळच होता. "माझ्या घरच्या कुरडया प्रयोगशाळेच्या गच्चीवर वाळत होत्या म्हणून लिहू? बाई, विज्ञानात कुरडया नसतात."

"या होत्या, सर."

ते हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "तुम्हाला डॉक्टर व्हायचंय ना?"

"हो."

"वय काय तुमचं? ती कॉलेजची जागा किती दिवस रिकामी राहणार? जुना प्रबंध तयार आहे. तुमचं ते खाच सरकण्याचं सूत्रही घाला हवं तर, मला आवडलं ते. उद्या आणा, सही करतो. पत्र्याचं प्रकरण काढून टाका."

इथे मी बाणेदारपणे उठून निघाले असं लिहायला मला फार आवडलं असतं. नातवंडांना तसंच सांगते. खरं असं की मी घरी जाऊन प्रबंधातून ते प्रकरण काढायला बसले. काढलंही. आणि मग उरलेला प्रबंध वाचून पाहिला. पानभर 'मानवजात', पानभर 'अभूतपूर्व'. त्यात ज्या एका ठिकाणी मला खरोखर काही कळलं होतं, ती पानं मी बाजूला ठेवलेली होती. ती परत आत घातली. लोक याला तत्त्व म्हणतात. तत्त्व कसलं! स्वतःचं सगळ्यात देखणं मूल घरी कोंडून ठेवून काळंबेंद्रं मूल मिरवायला कुठली आई तयार होईल? नुसता मोह होता तो.

पत्र्यासकट प्रबंध सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बाजूच्या गठ्ठ्यावर सरकवला. वाचतो म्हणाले. महिन्यानं विचारलं, वाचतोय म्हणाले. दिवाळीनंतर म्हणाले, भाषा तपासायला हवी. होळीला म्हणाले, विषयाची नोंदणी जुनी झालीय, नव्यानं करावी लागेल, आणि आता त्यांच्याकडे जागा नाही. एकदाही आवाज चढवला नाही. विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, मॅडम, ये तो आपके और गाइड के बीच का मामला है. स्कूटरवाला डॉक्टर झाला. सिलिंडरवालाही झाला. कॉलेजातली जागा भरली गेली.

सासूबाईंना मी सगळं समजावून सांगितलं होतं. त्यांनी दाणे सोलता सोलता ऐकून घेतलं.

"बाप्पा! इतके वर्ष गेली त्या युनिव्हर्सिटीत, अन् शेवटी टिनच सापडला काय वं तुले?"

"टिनच सापडला, आई."

"मग तो तर घरीच होता."

मी चिडले त्या वेळी. नंतर मात्र मला वाटायला लागलं की माझ्या प्रबंधाचं एवढं नेमकं परीक्षण दुसऱ्या कुणी केलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न सांगता माझा डबा भरून दिला. मी म्हणाले, आई, आता जायचं नाही कुठे. त्यांनी डबा उघडून दोघींच्या ताटात वाढला.

पुढची वर्षं शिकवण्या घेतल्या. कितीतरी मुलांना वर्तुळाकार गती शिकवली, आणि ताऱ्यांच्या दिवसाचा धडा आला की खडू जरा जास्त दाबला जायचा. सर मोठे झाले. उत्तरेत कुठे जमीन हलली की चॅनेलवर त्यांचा फोटो येतो, आता केस पूर्ण पांढरे, शोभतात. खाचेबद्दल बोलताना ते अजून 'आमच्या चमूनं' म्हणतात. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दर थंडीत कुणीतरी तो संदेश टाकतं की भोपाळच्या शास्त्रज्ञांना भूकंप आधी कळतो, पुढे पाठवा. मी पुढे पाठवत नाही. सुरुवातीला खाली लिहायचे की हे खरं नाही. एकानं उत्तर दिलं, "आंटीजी, आप साइंटिस्ट हैं क्या?" मी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि बंद केलं.

मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवात वहिनी भेटल्या. थकल्यात, पण कांतीनं टवटवीत. त्यांनी सगळ्या बायकांसमोर माझा हात हातात घेतला. "ह्या आमच्या ह्यांच्या विद्यार्थिनी बरं का. यांच्यासारख्या कुरडया अजून कुणाला जमल्या नाहीत." बायकांनी कौतुकानं पाहिलं. मी तिळगूळ घेतला आणि गोड बोलले. सण होता.

मग या उन्हाळ्यात एक फोन आला. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेतली संशोधक, आवाजावरून तिशीची असेल.

"नमस्कार मॅडम. त्या शोधनिबंधावर तिसरं नाव तुमचंच ना? आम्ही भूकंपाआधीच्या जुन्या सगळ्या दाव्यांची छाननी करतोय. तुमच्या चित्रात मला एक शंका आहे. रागावू नका. ती खाच रोज थोडी अलीकडे सरकते का?"

मी खुर्ची ओढून बसले. "किती सरकते असं वाटतं तुला?"

"छापील चित्रावरून नीट कळत नाही. पण चार मिनिटं असावी."

मी ह्यांना हाक मारली. ह्यांना ऐकू येत नाही, ते झोपले होते. मग मी त्या मुलीला सगळं सांगितलं, पत्रे, धोतर, विटा, अकराची खाच. ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना. एवढ्या वर्षांत त्या गोष्टीवर दुसरं कुणी हसलं नव्हतं, योग्य जागी तर नाहीच.

"मॅडम, मूळ नोंदी?"

"विभागात असतील."

"विचारलं. ते म्हणतात, जुना संगणक गेला, नोंदीही गेल्या. तुम्ही हे कुठे छापलंय?"

"नाही."

"प्रबंधात आहे ना?"

"प्रबंध जमाच झाला नाही, बाळा."

"हरकत नाही. तुमची साक्ष म्हणून घालते. नावाआधी डॉक्टर लिहू ना?"

"नको."

"बरं. मग सध्या कुठे असता? म्हणजे, कुठली संस्था?"

"कोलार रोड."

तिनं तेही हसून घेतलं. मी तिला सगळं लेखी पाठवलं, गच्चीचा नकाशा काढून. रोज मेल उघडून बघायचे, एखाद्या पोरीनं निकालाची वाट बघावी तशी. या वयात! माझी ती मोरपंखी बाई अजून मेलेली नाही, तेव्हा कळलं.

परवा तिचा पुन्हा फोन आला. आवाज पडलेला होता. तिच्या लेखाच्या परीक्षकांनी माझी साक्ष काढायला लावली. सांगणारी व्यक्ती या विषयातली पीएच.डी. नाही, कुठल्या संस्थेत नाही, आणि छापील पुरावा नाही. सरांनाही लिहिलं होतं म्हणे. त्यांनी सुरेख उत्तर पाठवलं की संबंधित बाई काही काळ विभागात येत असत, पुढे घरगुती कारणांनी त्यांनी काम सोडलं. त्यामुळे आमची खाच 'खोटी' या गटात गेली नाही. 'अनिर्णीत' या गटात गेली. का, ते तिथे एका ओळीत छापलं आहे. ती मुलगी पुन्हा पुन्हा माफी मागत होती, मी तिची समजूत काढत होते.

लेख तिनं पाठवलाय. ती ओळ मी चष्मा लावून वाचली. अँटेनाच्या परिसराविषयी माहिती उपलब्ध नाही, असं लिहिलंय.

ते लिहिलं जात होतं तेव्हा मी इथेच, चौथ्या मजल्यावर गवार निवडत बसले होते. फोन चालू होता. दारही उघडंच होतं.